कात्रीबाईच्या घरचा एकुलता एक नियम

गल्लीत तिला सगळे कात्रीबाई म्हणत. एक तर ती पुढच्या खोलीत लोकांचे केस कापायची, आणि दुसरं म्हणजे तिची जीभ कात्रीपेक्षा जरा जास्तच धारदार होती. गिऱ्हाईक गळ्याला टॉवेल बांधून खुर्चीत बसलं की तासभर ऐकून घ्यायचं. हातात कात्री असलेल्या बाईशी वाद कोण घालणार?

शाळेशी तिचं लहानपणापासून वाकडं. "गुरुजी, तुम्हाला उत्तर येतंय, मग मला कशाला विचारता?" असं ती भर वर्गात बोलून बसली आणि उरलेलं वर्ष बहुतेक वर्गाबाहेरच शिकली. म्हणून तिच्या घरात एकच नियम होता: माहीत असेल तर सांगायचं, माहीत नसेल तरच विचारायचं. तिची नऊ वर्षांची लेक ठमी याच नियमावर वाढली. पाढे, भूगोल, वाचन, सगळं त्या फिरत्या खुर्चीच्या आसपास झालं. शाळेची पायरी तिने कधी चढली नव्हती.

मग सरकारला जाग आली. घरी शिकणाऱ्या मुलांची तपासणी ठरली. तपासनीस खूश झाला तर परवानगी, नाहीतर सोमवारपासून शाळा. ठमीशिवायची ती खोली कात्रीबाईला कल्पनेतही सोसत नव्हती. तिने भिंतीवर नकाशा लावला, आरसे लख्ख पुसले आणि ठमीची वेणी इतकी घट्ट घातली की पोरीच्या भुवया वर गेल्या. ठमीला सांगायची फक्त एक गोष्ट राहून गेली: साहेब लोक माहीत असलेलंही विचारतात.

साहेब आले. बसायला जागा एकच, ती फिरती खुर्ची. ते टेकले आणि कात्रीबाईने सवयीने त्यांच्या गळ्याला टॉवेल बांधला.

"हं, बाळ," साहेब म्हणाले, "सात नवे किती?"

ठमीने त्यांच्याकडे कळवळून पाहिलं.

"त्रेसष्ट," ती हळूच म्हणाली. "लाजू नका काका, पुष्कळांना येत नाही. फण्या मांडून दाखवू?" आणि तिने मांडायला घेतल्याही.

"राहू दे. पाण्याची वाफ कशाने होते?"

"उष्णतेने." ठमी आईकडे वळली. "आई, यांना कुणी शाळेत घातलं नव्हतं का गं?"

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं कात्रीबाईला झालं. आरशात साहेब कानापर्यंत लाल झाले होते.

"मला येतात उत्तरं! तुला येतात का, ते बघतोय मी."

"मग तसं विचारायचं ना! येतात."

साहेबांनी पेन उघडलं. "बाई, ही तुमची शिकवण?"

"माझीच, साहेब," कात्रीबाई कशीबशी म्हणाली. "आमच्याकडे माहीत असलेलं विचारत नाहीत."

"असं? मग मला खरंच माहीत नसलेलं विचारतो. बाळ, तुला शाळेत जावंसं वाटतं का?"

घरात इतके प्रश्न झाले, पण हा कुणी कधी विचारला नव्हता. कात्रीबाईने तर नाहीच. उत्तराची भीती वाटायची तिला.

ठमीने विचार केला. "तिथे सगळे तुमच्यासारखंच विचारतात?"

"हो."

"मग जाते की! किती जण अडून बसले असतील बिचारे!"

साहेबांनी क्षणभर डोळे मिटले. सोमवारी ही शाळेत गेली तर मंगळवारी सगळे गुरुजी आपल्या दारात, हे त्यांना स्पष्ट दिसलं. त्यांनी मुकाट्याने परवानगीवर सही ठोकली. "घरीच असू दे," म्हणाले, आणि टॉवेलसकट निघून गेले.

सुटलो म्हणून नाचायचं सोडून कात्रीबाई ठमीकडे वळली.

"ठमे, खरंच गेली असतीस?"

"तुला खरंच माहीत नाही?"

"नाही गं."

"गेले असते," ठमी फण्या गोळा करत म्हणाली. "संध्याकाळी आलेच असते ना परत."

कात्रीबाईने लेकीला खुर्चीत बसवलं आणि सकाळची ती घट्ट वेणी सोडायला घेतली.