आंधळगावच्या इंजिनाला दिलेला शब्द

दिगूभाऊंचा फोन खांडेनवमीच्या सकाळी आला. "मास्तर, चपला घाला. आंधळगावात इंजिन आहे आणि भंगारवालाही तिकडेच निघालाय."

दिगंबर म्हणजे दिगूभाऊ, माझे चाळीस वर्षांपासूनचे शेजारी. त्यांच्या नागपूरच्या गॅरेजात लाल एमजीए मोटार उभी आहे. विलायती, दोन माणसांची, टप उघडा. शाळेत ज्याच्या कविता पाठ केल्या त्या समुद्रापलीकडच्या हिरव्या देशातून थेट आल्यासारखी. पण इंजिनाच्या ब्लॉकला, म्हणजे मूळ ओतीव सांगाड्यालाच, तडा गेलेला. मुलगा त्यांना कायमचं पुण्याला नेतो आहे आणि त्याने बजावलंय, दिवाळीपर्यंत गाडी चालू झाली तर सोबत घेऊ, नाही तर वजनावर विकू.

आता आंधळगाव का? तर या दिमाखदार गाड्यांची इंजिनं मुळात साध्याच घरातली. एकीचं इंजिन ज्या कुळातलं, त्याच कुळातलं इंग्लंडच्या शेतात ट्रॅक्टर ओढायचं. दुसरीचं तर आग विझवायच्या पंपावरून घडवलेलं. आणि एमजीएचं ज्या घराण्यातलं, त्याच घराण्यातलं आपल्या जुन्या पेट्रोल ॲम्बेसेडरला बसवलेलं. थोडी कानस, थोडी जुळवाजुळव केली की चालतं. आणि तसलंच एक आंधळगावात पडून होतं.

भंडाऱ्यापर्यंत रस्ता चौपदरी, डोळे मिटून जावं असा. वाटेत तर्रीपोहे खाऊन घ्या, पुढे नाश्त्याची सोय विरळ. मोहाडीकडे वळलं की दोन्ही बाजूंना धान. लोंब्या वाकलेल्या, बांधांवर पाणी चकाकतंय. मला एक कडवं आठवलं.

"मास्तर, आज कविता नको," दिगूभाऊ म्हणाले. त्यांची नजर पुढे चाललेल्या प्रत्येक टेम्पोवर होती.

भंगारवाल्याचा टेम्पो आमच्या आधी पोचला होता. इंजिनाच्या मालकीण गिरजाबाईंच्या दारात उभा. ओट्यावर शेंडे भंगारवाले चहा पीत बसलेले.

गिरजाबाई कोष्ट्याच्या घरच्या. नवरा ॲम्बेसेडर भाड्याने चालवायचा. गाडी गंजून गेली तेव्हा त्याने इंजिन काढून विहिरीच्या पंपाला जोडलं. तो गेला, पंप विजेवर आला आणि इंजिन पडवीत राहिलं. आता मुलाला तिथे माग मांडायचाय.

इंजिन पाहिलं आणि आम्ही दोघं थबकलो. झेंडूची माळ, हळद, कुंकू आणि वर्षानुवर्षांच्या शेंदराचा जाड थर. दिगूभाऊंनी पाना काढला तशी गिरजाबाई आडव्या आल्या.

"आज हात नोका लावू जी. नवमीले लोखंड पूजेले बसलं रायते. उद्या पूजा उतरली का मंग पाहा."

"पण बाई, हे शेंडे..."

"थेही उद्याच. त्यायलेही तेच सांगतलं."

शेंडे हसले. "मी पैला आलो, भाऊ. मी उद्याही पैलाच येईन."

मुक्काम तुमसरला केला. बाजाराजवळ लॉज आहेत. खोली साधी, पण चादर धुतलेली मिळाली. जेवणात चिन्नोर तांदळाचा भात, वरण आणि वांग्याची भाजी. त्या भाताच्या वासासाठी मी पुन्हाही तुमसरला जाईन. दिगूभाऊ मात्र घास चिवडत बसले. "याच्याही ब्लॉकला चीर असली तर सगळं संपलं," एवढंच दोनदा म्हणाले.

दसऱ्याला उजाडताच पोचलो. शेंडे होतेच. गिरजाबाईंनी माळ उतरवली, नमस्कार केला आणि बाजूला झाल्या. दिगूभाऊंनी ऑइलची पट्टी ओढून पुसली, पुन्हा बुडवून काढली. पाणी शिरलं असतं तर तेल दुधाळ दिसलं असतं. काळंच होतं. प्लग घासले, आमच्या गाडीची बॅटरी जोडली, पेट्रोलची बाटली वर टांगली.

पहिल्यांदा नुसती घरघर. दुसऱ्यांदा खोकलं. शेंडे उठून टेम्पोचं फळकं पाडायला लागले. तिसऱ्यांदा धूर आला, पडवीतली पाखरं उडाली आणि इंजिन सुरू झालं. दिगूभाऊ इंजिनात भरलेल्या पाण्यात बुडबुडे येतात का ते वाकून पाहत राहिले. आले नाहीत, म्हणजे चीर नव्हती.

गिरजाबाई पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. इंजिन बंद झाल्यावर त्यांनी शेंड्यांना विचारलं, "तुमी काय करान याचं?"

"फोडून वितळाले देऊ, माय. खोटं कायले बोलू?"

"अन् तुमी?"

मी सगळं सांगितलं. लाल गाडी, साधी घराणी, ट्रॅक्टर, पंप.

"म्हंजे थे गाडी आमच्या गाडीची बहीणच झाली," त्या म्हणाल्या. "मंग न्या. पण दर नवमीले इथं आणाची. पूजा माह्याच हातची होईन."

दिगूभाऊंनी हो म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांना खोटं बोलताना मी कधी ऐकलं नाही. "बाई, मी पुण्याला चाललो. शब्द देता येत नाही."

"मंग शेंडेभाऊ, उचला," गिरजाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

शेंड्यांनी टेम्पोवरचा दोर खाली टाकला.

"मी आणीन," माझ्याच तोंडून निघालं.

"तुमाले चालवता येते का जी?"

"नाही."

शेंडे मोठ्याने हसले. गिरजाबाई हसल्या नाहीत. त्या दिगूभाऊंकडे पाहत राहिल्या. माझा शब्द पाळायचा तर गाडी पुण्याला जाणार नव्हती, हे गिरजाबाईंना माझ्याआधी कळलं होतं. दिगूभाऊ फडक्याने हात पुसत होते, कधीचे स्वच्छ झालेले हात.

"मास्तरांकडे राहील गाडी," ते शेवटी म्हणाले.

इंजिन शेंड्यांच्याच टेम्पोतून नागपूरला आणलं. भाडं त्यांनी वाजवी घेतलं, शिवाय उतरवायला हातही लावला.

दिवाळीआधी दिगूभाऊंनी ते एमजीएत बसवलं, शेंदूर न खरवडता. जुन्या गाड्यांचे शौकीन येऊन नाकं मुरडून गेले. पुण्याला निघायच्या दिवशी दिगूभाऊंनी एकट्याने एक चक्कर मारली, गाडी माझ्या अंगणात लावली आणि किल्ली माझ्या हातात दिली.

अशा सहलीला निघणाऱ्यांना एवढंच सांगेन, रस्ता चांगला आहे, माणसं त्याहून चांगली. पण तिथे तोंडातून शब्द काढताना जपा. माझ्या खिशात शिकाऊ परवाना आहे. रोज सकाळी मी अंगणातून फाटकापर्यंत जातो आणि मागे येतो. क्लच सोडताना गाडी अजून गचका खाऊन बंद पडते, आणि नवमी जवळ येते आहे.