खंडेनवमीचं कुंकू

टेंभुर्णीच्या बसस्टँडसमोर, खताच्या दुकानाला लागून मच्छिंद्रचं दुकान आहे. पाटीवर टीव्ही, मोबाइल आणि कॉम्प्युटर एवढंच लिहिलेलं आहे, पण लोक त्याच्याकडे मिक्सर आणतात, फवारणीचे पंप आणतात. एकदा एक जण सासऱ्यानं लग्नात दिलेलं बंद घड्याळ घेऊन आला होता, सोबत रुसलेली बायकोही. घड्याळ चालू झालं; बायकोचं काय झालं ते मच्छिंद्रला ठाऊक नाही. आलेली वस्तू तो सहसा परत पाठवत नाही. बिघाड मुका नसतो, असं त्याचं म्हणणं. बराबर विचारलं की वस्तू आपणहून सांगते, तिला कुठं काय होतंय ते.

लहानपणी त्यानं बापाचा रेडिओ उघडला होता आणि त्यासाठी मारही खाल्ला होता. पण बाजारभाव सांगायच्या वेळेला तो रेडिओ पुन्हा बोलू लागला, तेव्हा बापानंच त्याला जवळ बसवून घेतलं. पुढे शेती धाकट्या भावाकडे राहिली आणि मच्छिंद्र जालन्याला आयटीआयमध्ये गेला. तिथं संपत भेटला. दोघं एका डब्यात जेवले, एकाच गरम सोल्डरनं बोटं भाजून घेतली. संपत आजही जालन्यात लॅपटॉपचे बोर्ड दुरुस्त करतो, आणि मच्छिंद्र अडला की त्याला फोन लावतो.

मच्छिंद्रची मुलगी राजनंदिनी जन्मली तेव्हा बराच वेळ रडली नव्हती. तेवढ्या वेळात काय हरवलं ते नंतर हळूहळू कळत गेलं. हात तिचं ऐकत नव्हते, मान ऐकत नव्हती, जीभ तर कधीच नाही. समज मात्र पुरी होती. हो म्हणायचं असलं की ती नजर वर करायची, नाही म्हणायचं असलं की डोळे मिटायची. वर्षानुवर्षं ते घर या दोन शब्दांवर चाललं. नंदिनी रडायला लागली की तिची आई, उषाबाई, तिच्यासमोर मांडी घालून बसायची आणि डोक्यापासून विचारायला सुरुवात करायची. डोकं? कपाळ? डोळे? कान? असं करत करत पायाच्या अंगठ्यापर्यंत. हा क्रम ती कधी मोडायची नाही. मधलं काही सोडलं की नेमकं तेच दुखत असतं, असा तिचा अनुभव होता.

मग एका संस्थेचा मुलगा पुण्याहून आला आणि खोक्याएवढा कॉम्प्युटर बसवून गेला. खुर्चीला, नंदिनीच्या डाव्या गालापाशी एक बटण लावलं. पडद्यावर चित्रं एकामागून एक उजळायची. हवं ते उजळलं की तिनं गाल टेकवायचा, आणि कॉम्प्युटर तो शब्द बोलायचा. पहिल्याच आठवड्यात नंदिनीनं सांगितलं की तिला पंख्याचा वारा सोसत नाही आणि भेंडी मुळीच आवडत नाही. उषाबाई किती वर्षं तिला भेंडी भरवत होती, पोरगी आवडीनं खाते म्हणून! त्या दिवशी उषाबाई हसता हसता रडली. मच्छिंद्रनं पंखा बंद केला आणि घामेजल्या अंगानं लेकीसमोर बसून राहिला.

त्यालाही आता दोन वर्षं झाली होती. नंदिनी एकोणीस वर्षांची झाली होती, आणि शेजारच्या वंदनानं नवी साडी दाखवली की ‘रंग उडेल’ असं स्पष्ट सांगण्याइतकी फटकळही.

या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, उषाबाईनं घरातल्या सगळ्या राबत्या वस्तू पुसून घेतल्या. विळा, विळी, शिलाई मशीन, मच्छिंद्रची हत्यारांची पेटी. सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या फुलानं पाणी शिंपडलं. शेवटी ती नंदिनीच्या कॉम्प्युटरपाशी आली. इतर वस्तूंना लावलं त्याहून जास्त कुंकू तिनं त्याला लावलं, पाण्यात कालवून, ठसठशीत. ज्यानं लेकीला वाचा दिली त्याला कोरडं कुंकू कसं लावायचं?

कॉम्प्युटर तापतो म्हणून मच्छिंद्रनं त्याचं झाकण काढून ठेवलं होतं. ते परत लावायचं राहून गेलं होतं.

दसऱ्याच्या सकाळी पडदा काळा होता. आतला पंखा फिरायचा, थांबायचा, पुन्हा फिरायचा, जसं कुणी बोलायला तोंड उघडतं आणि शब्द येत नाही. मच्छिंद्रनं आत पाहिलं, बोर्डावर लाल ओघळ वाळलेला दिसला, आणि तो उषाबाईला जे बोलला ते त्या घरात त्याआधी कुणी कुणाला बोललेलं नव्हतं. आपट्याची पानं द्यायला आलेल्या वंदनाला उषाबाईनं दारातूनच परत पाठवलं.

नंदिनी त्याच दिवशी रडायला लागली. जेवेना. घास ओठांपाशी नेला की डोळे मिटायची. उषाबाई तिच्यासमोर मांडी घालून बसली. डोकं? डोळे मिटले. कपाळ? मिटले. डोळे? कान? मिटले. तेवढ्यात मच्छिंद्र आत आला. त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता आणि आवाजात सकाळचा राग.

“काय विचारून राह्यली तिला? मला माहीत हाये तिला काय पाहिजे ते.” तो लेकीकडे वळला. “नंदिनी, कॉम्प्युटर पाहिजे ना तुला?”

नंदिनीची नजर वर गेली. इतकी वर, की डोळ्यांत नुसतं पांढरंच उरलं.

“बघ,” तो म्हणाला. उषाबाई उठली आणि चुलीपाशी गेली. त्यानंतर तिनं लेकीला काही विचारलं नाही.

संपतनं फोनवर लक्षणं ऐकली आणि बिघाड ओळखला. प्रत्येक बोर्डावर तुरीच्या दाण्याएवढी एक चिप असते, आठ पायांची. बोर्ड जागा झाल्यावर आपण कोण, काय करायचं, हे पहिल्यांदा त्या चिपमधून वाचतो. ते वाचता आलं नाही तर तो नुसता पंखा फिरवत बसतो. मच्छिंद्रला एवढं ठाऊक होतं. दुसरा बोर्ड टाकू का, असं त्यानं विचारलं. संपत म्हणाला, डिस्कला कुलूप आहे, आणि त्या कुलपाची अर्धी किल्ली त्याच चिपमध्ये आहे. चिप गेली की नंदिनीची चित्रं, शब्द, सगळं आत बंद. कुलूप लावणाऱ्या पुण्याच्या मुलाचा नंबर लागत नव्हता. संस्थाही आता नव्हती. मोबाइलवरची बोलकी ॲप मच्छिंद्रनं लावून पाहिली होती, पण त्यांना बोट लागतं, आणि नंदिनीचं बोट तिचं नव्हतं.

“मंग ध्यान देऊन ऐक, मच्छ्या,” संपत म्हणाला. “चिपवर काही लिहायचं न्हाई. आधी नुसती वाचायची. दोनदा वाचायची. दोन्ही वाचनं तंतोतंत जुळली तर खरं. न्हाई जुळली तर ते वाचन न्हाई, तुझा अंदाज हाये तो. अंदाजावर पुढं जाशील तर माझ्याकडं तोंड घेऊन येऊ नको.”

चिपचे आठ पाय धरणारा आठ दातांचा चिमटा दुकानात होता. मच्छिंद्रनं खुर्चीशेजारीच टेबल मांडलं, भिंग कपाळाला बांधलं, चिमटा चिपला लावला आणि त्याची वायर दुकानातल्या लॅपटॉपला जोडली. लॅपटॉप म्हणाला, चिप सापडत नाही. पायांमध्ये कुंकू वाळून बसलं होतं. स्पिरिटनं घासायला मऊ ब्रश हवा होता. घरातला सगळ्यात मऊ ब्रश नंदिनीचा, दात घासायचा. त्यानं तोच घेतला. उषाबाईनं पाहिलं, आणि त्या दिवसापासून ती लेकीच्या तोंडात नुसतं पाणी फिरवू लागली.

आता चिप सापडली. त्यानं वाचली, पुन्हा वाचली. दोन्ही वाचनं जुळली नाहीत. चिमटा काढून लावला, वायर आखूड केली, बोर्डावरचा गोल सेल काढून ठेवला. नाही जुळली. दर वेळी चिप काहीतरी वेगळंच सांगत होती. त्याच्या पाठीमागे नंदिनी कण्हत होती. कण्हणं वाढलं की त्याचे हात घाई करायचे आणि चिमटा सटकायचा. मागे वळून पाहिलं की ती डावा गाल खुर्चीच्या कडेवर दाबून धरलेली दिसायची, जिथं एरवी बटण असायचं तिथंच. बटण शोधते आहे पोर, असं त्याला वाटायचं. तो पुन्हा बोर्डाकडे वळायचा.

दुकान बंदच होतं. लोक घरी चौकशीला यायचे आणि दारातून त्याचा चेहरा पाहून माघारी जायचे. कोजागिरीला उषाबाईनं आटवलेलं दूध चमच्यानं लेकीला पाजायला घेतलं. पहिल्याच घोटाला नंदिनीच्या घशातून असा आवाज निघाला की चमचा उषाबाईच्या हातातून पडला. तिनं मच्छिंद्रकडे पाहिलं. काही बोलावं म्हणून ओठ हलले, पण त्याचं डोकं भिंगाखाली होतं. तिनं सांडलेलं दूध पुसून घेतलं.

“तिला दूधसुद्धा गोड लागंना,” मच्छिंद्र फोनवर संपतला म्हणाला. “माझ्यानं होत न्हाई रे. पोरगी मरंल माझी.”

संपतनं त्याला आतापर्यंत काय काय केलं ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग म्हणाला, “तू घागरीनं शेत भिजवून राह्यला, मच्छ्या. तुझ्या चिमट्यातला करंट सगळा बोर्ड पिऊन टाकतो, चिपला घोटभरही उरत न्हाई. ती तहानलेली हाये, म्हणून बरळती. चिप बोर्डावरून उचल. एकटी कर तिला, मंग विचार.”

उचलायची म्हणजे चिपचे पाय बोर्डाला चिकटवणारं सोल्डर गरम हवेनं वितळवायचं. हवा कमी पडली तर ओढताना बोर्डावरचा तांब्याचा ठिपका उखडतो. जास्त झाली तर चिप आतून जळते आणि बाहेरून तशीच दिसते. मच्छिंद्रनं अशा चिपा उचलल्या होत्या, पण त्या दुसऱ्यांच्या होत्या. जळलेल्या चिपसाठी त्यानं लोकांची माफी मागितली होती आणि त्यांनी दिलीही होती.

सकाळी लाइट स्थिर असताना त्यानं हवा सुरू केली. दोन्ही मनगटं टेबलावर दाबून धरली. नंदिनीचं कण्हणं थांबलं होतं. ती बघत होती. बराच वेळ काही झालं नाही. मग सोल्डर एकदम पाण्यासारखं चमकलं, आणि चिप चिमटीत अलगद उचलली गेली. तिच्या पोटाखाली, जिथं कुठलाच ब्रश पोचत नव्हता, तिथं कुंकवाची पातळ लाल पापडी होती.

त्यानं सगळं धुतलं. एकटी चिप वाचली. पुन्हा वाचली. लॅपटॉप दोन्ही वाचनं शेजारी ठेवून ताडून पाहू लागला, आणि मच्छिंद्रनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पडद्यावर लिहिलेलं होतं की काहीही फरक नाही.

चिप परत बसवली. पंखा फिरला, आणि या वेळी थांबला नाही. पडद्यावर नंदिनीची चित्रं आली. उषाबाई हात पुसत चुलीपासून उठली, पण उंबऱ्यातच थांबली. मच्छिंद्रनं बटण लेकीच्या डाव्या गालाशी नेलं. ते लागताच ती कळवळली. त्याला वाटलं, आनंदानं.

“बोल, बाळा,” तो म्हणाला.

चित्रं उजळत गेली. पाणी आलं, गेलं. आई आली, गेली. पप्पा आले, तेही तिनं जाऊ दिले. मग शरीराचं चित्र उजळलं, तिनं गाल टेकवला, आणि टेकवताना तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. शरीराचं पान उघडलं. डोकं. डोळे. कान. तिनं पुन्हा गाल दाबला.

“तोंड,” कॉम्प्युटर म्हणाला.

मच्छिंद्र वाकला. तिनं पुन्हा दाबलं, पुन्हा कळवळली. प्रत्येक शब्दाला तोच गाल टेकवायचा होता.

“आत. दुखतंय. खूप.”

पाणी मागावं त्याच सपाट आवाजात कॉम्प्युटर हे बोलला. मच्छिंद्रनं बोर्ड बघायचा टॉर्च उचलला, भिंग डोळ्यांवर ओढलं आणि लेकीचे घट्ट मिटलेले जबडे हलकेच विलग केले. डावीकडे, अगदी मागे, उगवू पाहणाऱ्या अक्कलदाढेवरची हिरडी सुजून काळीनिळी झाली होती. पू दिसत होता. त्याच्या नाकाला वास आला.

तो ताठ झाला. एवढ्या दिवसांच्या सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, “तू विचारलं का न्हाई तिला?”

उषाबाई उंबऱ्यातून हलली नाही. तिच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

“विचारीत होते,” ती म्हणाली. “कानापरेंत आल्ते.”

जाफ्राबादला दातांच्या डॉक्टरकडे न्यायला जीप मिळाली. कॉम्प्युटर नेता येत नव्हता, त्याला लाइट लागते. तो खोलीत तसाच चालू राहिला, एकामागून एक चित्र उजळत. नंदिनी मागच्या सीटवर आईच्या मांडीवर होती, अंग तापानं फणफणलेलं. मच्छिंद्र पुढे बसला होता. कपाळावरचं भिंग काढायचं त्याला सुचलं नव्हतं; ड्रायव्हर मधूनच त्याच्याकडे बघत होता.

रस्त्यावर खड्डा आला की नंदिनी कण्हायची. गाव मागे पडलं, कापसाची रानं सुरू झाली, आणि मागून उषाबाईचा आवाज आला. हळू, पण न अडखळता. जिथं थांबली होती तिथूनच तिनं धरलं होतं.

“गाल?”

मच्छिंद्रनं मान वळवली. लेकीची नजर वर गेली.

“घसा?”

वर.

“परत विचार,” तो म्हणाला. “दोनदा विचार. मी बोलत न्हाई मधी.”

उषाबाईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. लेकीच्या कपाळावरचे ओले केस मागे सारले, आणि पुन्हा डोक्यापासून सुरुवात केली.