धवलारीण भामाबाईंची जन्मतारीख

तारखांच्या बाबतीत एलिशेवाबाईंना फसवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी नवीन पनवेलमधल्या आपल्या सोसायटीच्या फाटकाला एक फळा टांगला. त्यावर रोज सकाळी एकच नाव: त्या दिवशी जन्मलेला गायक, वादक नाहीतर संगीतकार. तारखेचा पुरावा मिळाल्याशिवाय खडूला हात लावायचा नाही, हा बाईंचा हेका. लोक दूध आणता आणता फळा वाचत आणि गुणगुणत घरी जात.

फाटकाशी सुकापूरच्या भामाबाई भाजी विकत. त्या धवलारीण. आगरी लग्नात त्यांनी धवले गायल्याशिवाय हळद लागत नसे. एके दिवशी त्यांनी विचारलंच, "बाय, माजा नाव कवा लिवशील?"

"जन्मतारीख द्या, लगेच लिहिते."

भामाबाईंनी आधार कार्ड पुढे केलं. एक जून! बाईंनी ते तसंच परत दिलं. "अहो, शाळेतल्या मास्तरांनी अर्ध्या महाराष्ट्राला एक जूनला जन्माला घातलंय. ही नाही चालायची."

भामाबाईंचं तोंड उतरलं. दोन दिवस त्या फिरकल्याच नाहीत. इकडे बाईंना अन्न गोड लागेना. नियम मोडवत नव्हता, पण चाळीस वर्षं गाणाऱ्या बाईला आपण दारातून परत पाठवलं, याचा त्यांना स्वतःचाच राग आला. तिसऱ्या दिवशी रिक्षा करून त्या सुकापूरला गेल्या.

"आईनं कधी काही सांगितलं होतं का?"

"आय सांगं, शेजारच्या दाजीच्या हलदीला जल्मलीस. त्या दिशी गावान पयला लाऊडस्पीकर आलता. कर्ण्यावर शिनेमाची गानी लागली, न् म्हातारी धवलारीण रुसून बसली."

बाई तडक दाजींकडे. त्या दिवशी लागलेली गाणी दाजींना ओळीनं पाठ होती, तारीख मात्र नाही. "ती कोन ध्यानात ठेवतो?" ते म्हणाले. बायकोनं डोळे वटारले. मग तिनंच ट्रंकेच्या तळातून लग्नपत्रिका काढली. हळद: नऊ मे. खाली ठळक अक्षरांत, 'लाऊडस्पीकरची खास सोय'. बाईंना नाचावंसं वाटलं.

नऊ मे उजाडला. फळ्यावर हा दिवस दरवर्षी न्यूयॉर्कच्या एका पियानोवाल्या गायकाचा. "त्याला जगात पुष्कळ फळे आहेत," म्हणत बाईंनी त्याला रजा दिली आणि लिहिलं: 'धवलारीण भामाबाई यांचा जन्म. याच दिवशी सुकापुरात पहिला लाऊडस्पीकर वाजला.'

भामाबाईंनी एकेका अक्षरावर बोट ठेवत ते वाचलं. मग भाजीवर ओला फडका टाकला, कमरेवर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात धवला सुरू केला. रिक्षावाल्यांनी इंजिनं बंद केली.

धवल्यात घरच्या बायकांची नावं गुंफतात. भामाबाईंनी आईचं नाव घेतलं, आजीचं घेतलं, आणि त्यापाठोपाठ एलिशेवाचं. बाई इथल्या बेने इस्रायली ज्यू; त्यांचे बहुतेक नातेवाईक केव्हाच इस्रायलला गेले होते. घरची म्हणून त्यांचं नाव घेणारं पनवेलात कुणी उरलं नव्हतं. भर रस्त्यात बाई रडल्या, आणि रडता रडता पुढची ओळ भामाबाईंच्या मागून गायल्या.