केळीच्या थंड खोलीतला टेक

आधीच सांगतो, मी शाळेत गणित शिकवतो. भूत-बित, अंगात येणं, या प्रकारांचं मला लहानपणापासून हसू येतं. इथे अनुभव लिहिणाऱ्यांची मी मनातल्या मनात भरपूर टिंगल केलेली आहे... आणि आज स्वतःच लिहायला बसलोय. हसा खुशाल. ही गोष्ट पोटात ठेवून ठेवून थकलोय मी.

बुऱ्हाणपूर जिल्हा होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. मी डबल बास वाजवायचो. म्हणजे माणसापेक्षा उंच, व्हायोलिनच्या घराण्यातलं, उभं राहून वाजवायचं धूड. भुसावळच्या एका रिटायर रेल्वेवाल्याकडून घेतलेलं. माझा मित्र हेमंत इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. जॅझ, रॉक आणि आपल्या मात्रा यांची बिनगाण्याची खिचडी करायचो आम्ही. एकदा एका लग्नात वाजवलं, तर पंधरा मिनिटांनी वरबाप येऊन म्हणाला, "टेस्टिंग हो गई हो तो अब सुरू करा भाऊ." असा आमचा श्रोतृवर्ग.

हेमंत खरा कलाकार. मी मधल्या पायरीवरचा. नवशिका नाही आणि तयारही नाही, बारा वर्षं तिथेच बसलेलो.

इतवाऱ्यातल्या माझ्या घरात बास ठेवायला जागा नव्हती. पत्र्याखालच्या खोलीत ठेवला तर मे महिन्यात लाकडाला भेग पडली. हेमंतचा केळीचा धंदा. निंबोल्याच्या रस्त्यावर केळी पिकवायची थंड खोली होती त्याची. तो म्हणाला, "इथे ठेव ना भो, केळी बिघडत नाही तर तुझं लाकूड काय बिघडणार?" मलाही पटलं! गणिताचा मास्तर मी, पण तिथल्या ओलीने लाकडाचे सांधे धरून ठेवणारा सरस सुटतो हे काही डोक्यात आलं नाही.

त्याच मे महिन्यात हेमंतच्या डाव्या हाताच्या नसेजवळ गाठ निघाली. पुढच्या सोमवारी इंदूरला ऑपरेशन. डॉक्टरने साफ सांगितलं होतं, गाठ निघेल, पण बोटांचं सांगता येत नाही. सात मात्रांची त्याची स्वतःची एक चाल होती. तिच्या मधोमध बासचा लांब सोलो, सगळा वरच्या स्वरांत. गिटारसारखे पडदे नसतात बासला, बोट जरा सरकलं की बेसूर. वर्षभर मला तो एकदाही नीट जमला नव्हता. हेमंतला ती चाल एकदा, फक्त एकदा, पूर्ण रेकॉर्ड करून हवी होती.

शनिवारी दुपारी बसलो. दोन ते चार लाईट जायची, तेव्हाच थंड खोलीचा कॉम्प्रेसर गप्प व्हायचा, म्हणून तीच वेळ धरली. गिटारचा अॅम्प ट्रकच्या बॅटरीवर, टेपरेकॉर्डर सेलवर. सहा टेक केले, म्हणजे सहादा पहिल्यापासून रेकॉर्ड केलं. सहाही माझ्यामुळे वाया. हेमंत दरवेळी निमूट कॅसेट मागे न्यायचा, त्याचीच जास्त लाज वाटत होती. सातव्याच्या आधी तार लावताना 'कट्' असा आवाज आला... बासची मान सांध्यातून सुटली. चारही तारा दोरीवरच्या कपड्यांसारख्या लोंबल्या.

हेमंत पाठमोरा, डोळे मिटून बसलेला. सांगायची हिंमतच झाली नाही. बास क्रेटला टेकवला, हळूच "पाणी पिऊन येतो" म्हणालो आणि बाहेर पडलो. दार जाड, थर्माकोल भरलेलं, बाहेर काही ऐकू येत नाही. हापशावर डोकं धरून उभा राहिलो. रडलो, खरं सांगतो. एवढं एक काम होतं माझ्याकडे, तेही झालं नाही.

दहा मिनिटांनी आत गेलो तर हेमंतचे गाल ओले. "बस. झालं. यापेक्षा चांगलं होणं नाही."

मला वाटलं, एकट्यानेच वाजवलं असेल. त्याने कॅसेट मागे नेऊन लावली. गिटार आली... आणि खाली बास. माझाच बास, तो जरासा घोगरा आवाज मी झोपेतही ओळखेन. सोलो आला. पहिल्या स्वरापासून शेवटपर्यंत सुरात! क्रेटशी बास तसाच, मान लटकलेली. मी चाचरत म्हणालो, "सांधा... आत्ताच सुटला वाटतं." हेमंत फक्त हसला.

ऑपरेशन झालं. दोन बोटं निकामी झालीच. गिटार पुतण्याला दिली. कॅसेट मात्र येईल-जाईल त्याला ऐकवायचा, "आमचे मास्तर बघा!" मी मान खाली घालून चहा प्यायचो. वर्षानुवर्षं फुकटचं कौतुक खाल्लं. बासच्या जुन्या मालकाचं भूत असेल म्हणून भुसावळला चौकशीही केली, तर तो रेल्वेवाला म्हातारा ठणठणीत होता, गुडघ्यांची तक्रार करत बसला. शिवाय तो नाचाची गाणी वाजवणारा, सात मात्रा त्याच्या सात पिढ्यांना जमल्या नसत्या.

मागच्या महिन्यात शेवटी बोललोच. "हेमंत, तो सोलो मी नाही वाजवला रे. मी बाहेर होतो."

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"तू दार उघडलं तेव्हा पाठीवर गरम हवा आली. मग दार लागलं. दुसऱ्यांदा गरम हवा आली ती टेक संपल्यावर."

"आणि मधे मागून बास वाजतोय, तरी तू वळून पाहिलं नाहीस?"

त्याने डाव्या हाताची ती दोन बोटं दाबली.

"पाहिलं असतं तर बंद झालं असतं, यार. माझ्याजवळ तेवढी एकच दुपार होती."

ते कोण होतं, कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. आता हेमंतही विचारत नाही आणि मीही नाही.