सोंगटी नसलेला खेळाडू

मी बोर्डगेम बनवते. माझ्या नव्या खेळातलं गाव पन्नास वर्षांनंतरचं आहे. नदी आटलीय, दिवसाला एकच टँकर येतो आणि तो कोणाच्या घरी जाईल हे सरपंचबाई ठरवते. पुण्यातल्या मित्रांनी खेळून पाहिला आणि ‘मस्त’ म्हणाले. मित्रांचं ‘मस्त’ काही कामाचं नसतं, म्हणून खोकं पाठीला लावून वर्ध्याची गाडी पकडली. समुद्रपूरजवळच्या एका गावात मैत्रिणीची मोठी बहीण, वंदनाताई, राहतात.

वर्धा स्टेशनबाहेर तर्री-पोहे खाऊन घ्या, पुढे धड काही मिळत नाही. रिक्षानं एसटी स्टँड, तिथून हिंगणघाट आणि बस बदलून समुद्रपूर. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिशाला चटका बसत नाही. वेळापत्रकावर मात्र विसंबू नका. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. चालत्या बसमधून काढलेला एकही फोटो नीट आला नाही.

वंदनाताईंच्या घरची भाजी समुद्रपूरच्या बाजारात जाते. जेवायला त्यांच्याच मळ्यातली वांगी आणि भाकरी होती. सरपंचपद या वेळी बाईसाठी राखीव आणि गावानं ताईंचं नाव धरलेलं. त्यांचे यजमान प्रभाकरभाऊ खुशीत होते.

“नाव यहिचं, काम मी पाह्यतो.”

ताई भाकरी थापत राहिल्या.

दुपारी दोन शेजारणींना बोलावून पट मांडला. चिठ्ठ्या टाकल्या, सरपंचपद ताईंना आलं. भाऊ त्यांच्या मागे येऊन उभे राहिले.

“तिकडे नोको देऊ टँकर. आपल्या घरी घे.”

ताईंनी घेतला. पुढच्या वेळी तर भाऊंनीच हात घालून टँकर सरकवला. शेजारणींची घरं कोरडी पडली, ताई जिंकल्या, आणि एक शेजारीण म्हणाली, “जिंकले भाऊ!”

नियमांत मी लिहिलं होतं, ‘सरपंचबाईचा निर्णय अंतिम.’ माझ्या भविष्यातल्या गावात खरी कल्पित गोष्ट तेवढी एकच निघाली.

“तुया खेळात एक सोंगटी कमी हाय,” ताई मला म्हणाल्या.

“कोणती?”

“मांगं उभं राह्यणाऱ्याची. त्याले सोंगटीच नाई, म्हणून तो कधी हरत नाई.”

भाऊ हसले. ताई हसल्या नाहीत. त्यांनी तुरीचा एक दाणा पटावर ठेवला.

“हे तुमचं घर. आता समोर बसून खेळा.”

या खेपेला टँकर दोनदा शेजारणींकडे गेला.

“माह्या घरी काऊन नाई देऊन राह्यली?” भाऊ तडकले.

“त्यहिची टाकी पहिले रिकामी झाली. आन सरपंच मी हाय.”

भाऊ उठून गोठ्याकडे निघून गेले. तेव्हा मात्र मी घाबरले. खेळापायी ताईंचं नावच मागे घेतलं गेलं तर? सकाळी भाऊंनी मोटरसायकलवरून मला स्टँडवर सोडलं. खेळाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

पुण्यात आल्यावर नियम बदलले. खोक्यात आता एक बारकी सोंगटी जास्त आहे, मागे उभं राहणाऱ्याची. सल्ला द्यायचा तर तहानेची जोखीमही घ्यायची.

निवडणूक झाली, ताई निवडून आल्या. मी फोन करून विचारलं, “पंचायतीत गेल्या गेल्या काय केलंत?”

“पहिले खुर्ची सरकवून भिंतीले टेकवली,” त्या म्हणाल्या. “मांगं उभं राह्याले जागाच नाई ठेवली.”