अक्कांच्या जबाबातला एक शब्द

कोल्हापूर संस्थान विलीन झाल्यावर दोन-तीन वर्षांनी नवा नियम आला. यात्रेकरूंना भाड्यानं उतरवणाऱ्या घरमालकानं घराची नोंदणी करायची, आल्यागेल्याची वही ठेवायची. सगेसोयरे उतरले तर नोंदणी लागत नसे. त्या कचेरीत मी हंगामी कारकून होतो. आलेला अर्ज आवक बुकात चढवायचा आणि पोच द्यायची, एवढंच माझं काम.

मंगळवार पेठेत एक विधवा बाई राहायच्या. सगळी पेठ त्यांना अक्का म्हणे. माहेर कागलचं, घरात कानडी आणि मराठी दोन्ही. अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्यांना त्या दोन खोल्या देत. अर्ज माझ्या हातात देताना म्हणाल्या, "तम्मा, नीट ठेव बाबा. ह्या खोल्या हाईत म्हणून भावजयीच्या चुलीफुडं बसायचं चुकलंय." तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ.

आवक बुक तेव्हा साहेबांच्या टेबलावर होतं. मी म्हणालो, "पोच उद्या न्या." अर्जाच्या पहिल्याच ओळीत 'मूळ राहणार कागल' असं होतं. तेवढंच वाचून मी तो कागल तालुक्याच्या गठ्ठ्यात खोवला आणि विसरलो. अक्काही पोच न्यायला आल्या नाहीत. माझ्या शब्दावर विसंबल्या असाव्यात.

महिन्याभरानं पुण्याकडून बदलून आलेले साहेब तपासणीला निघाले. मी मागोमाग होतो. अक्कांच्या सोप्यात एक जोडपं जेवत होतं.

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

"पावणं हाईत की," अक्का म्हणाल्या.

"नाव काय यांचं?"

"अजून कुठं इचारलंय? जेवू तरी द्या त्यास्नी."

जेवणारा गृहस्थ हसला. साहेब हसले नाहीत. कोल्हापुरात वाट विचारणारा अनोळखी माणूसही पावणाच असतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी पाहुणे म्हणजे सोयरे, आणि ही बाई सोयऱ्यांचं नाव सांगू शकत नव्हती. मी एका वाक्यात उलगडा करू शकलो असतो. तोंड उघडणार, इतक्यात अक्का म्हणाल्या, "आनी अर्ज दिलाय की म्या, ह्या तम्माच्या हातात."

"कचेरीत बघा," साहेब मला म्हणाले. "आणि बाईंचा जबाब घ्या."

अर्ज मला कागलच्या गठ्ठ्यात सापडला. आदल्याच आठवड्यात असाच एक कागद गहाळ केला म्हणून साहेबांनी माझ्या शेजारच्या कारकुनाला घरी बसवलं होतं. मी अर्ज खिशात घातला आणि साहेबांसमोर जाऊन म्हणालो, "आवक बुकात नोंद नाही, साहेब." हे वाक्य खरं होतं. ते मी इतक्या सहज बोललो, याचा धक्का मला आजही बसतो.

दुपारी अक्का जबाबाला आल्या. "लिव्ह," म्हणाल्या, "घरात पावणं हुतं. अर्ज आदीच दिलाय."

अर्जाचा विषय निघाला की चौकशी माझ्यापर्यंत येणार होती. मी लिहिलं, 'घरात नातेवाईक होते, म्हणून अर्ज दिला नाही.' त्यांना वाचता येत नव्हतं. मी कागद समोर धरला आणि त्या जे बोलल्या होत्या तेच मोठ्यानं वाचून दाखवलं.

"व्हय, बराबर हाय," अक्का म्हणाल्या. त्यांचा अंगठा शाईत बुडवून मीच कागदावर टेकवला.

ते जोडपं हुबळीचं निघालं, अक्कांचं कुणी नव्हे. खोटा जबाब दिला म्हणून नोंदणी कायमची नाकारली गेली. त्या हुकुमाची नक्कल माझ्याच अक्षरात आहे. खोल्या बंद झाल्या आणि अक्का कागलला भावाकडे गेल्या. अर्ज मी घरच्या बंबात जाळला.

पुढच्या वर्षी कामासाठी कागलला गेलो होतो. एका दारात अक्का भांडी घासत होत्या. आतून कुणीतरी बाई त्यांना हाका मारत होती. मला पाहून हातातली राख तशीच घेऊन त्या रस्त्यावर आल्या. रागावल्या असत्या तर मला चाललं असतं.

"तम्मा, माझा अर्ज घावला का रं?"

मी "नाही" म्हणालो.

"बघ की पुन्ना एकदा," म्हणाल्या. "तुझ्याच हातात दिलता."