अविश्वास ठराव

आमगावच्या ज्युनियर कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवतो. संसदीय पद्धतीत सभागृहाचा विश्वास गेला की सरकार पडतं. अध्यक्षीय पद्धतीत लोकांनी निवडलेला अध्यक्ष सहसा मुदत पुरी करतो. हे मी इतक्या वेळा फळ्यावर लिहिलंय की लिहिताना विचार करावा लागत नाही. गेल्या वर्षी मात्र हा धडा माझ्या घरात शिरला.

माझी बायको आमच्या गावाची सरपंच, लोकांनी थेट निवडलेली. धान निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या वेळी पावसाने दडी मारली आणि तलावात पाणी थोडंच उरलं. तिने आधी कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या बांध्यांना, तिकडच्या धानाच्या शेतांना पाणी सोडलं. तलावालगत शेती असलेले ग्रामपंचायत सदस्य खवळले. त्यांनी अविश्वास ठराव आणला आणि मंजूरही केला. त्यांच्यात माझा धाकटा भाऊ होता. पण थेट निवडलेल्या सरपंचाबाबत शेवटचा निर्णय ग्रामसभेचा. गुप्त मतदान ठरलं.

आदल्या संध्याकाळी भाऊ अंगणात आला. बसला नाही.

"दादा, वहिनीले समजव. पाण्याची पाळी बदलली, तं आमी लोकाईले ठरावाच्या विरोधात मत द्याले सांगू."

मी काही बोलायच्या आत ती दारात आली. "त्याईले काऊन सांगून राहिले जी भाऊजी? सरपंच मी हावो."

तो तसाच निघून गेला. रात्री दोघांनाही जेवण गेलं नाही.

सकाळी शाळेच्या पटांगणात पोलिसांची गाडी उभी होती. तलावाकडचे एका बाजूला, टोकाचे दुसऱ्या बाजूला, मध्ये मतपेटी. रांगेत भाऊ माझ्यापुढे होता. एकाच घरात वाढलेलो आम्ही, पण त्याने मागे वळून पाहिलं नाही.

मोजणी सुरू झाली तेव्हा बायको खुर्चीच्या काठावर बसली होती. अधिकारी एकेक चिठ्ठी उघडून दाखवत होते. कधी ठराव पुढे, कधी ती. शेवटी अधिकारी उभे राहिले.

"ठराव फेटाळला गेला आहे."

टोकाकडच्या बायकांनी एकच गलका केला. फरक अगदी थोडा होता. ती उठली, गर्दीतून वाट काढत भावासमोर गेली.

"भाऊजी, टोकाची पाळी झाली. उद्यापासून तुमच्याकडची."

त्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशी पाणी घेतलंही. आमच्या अंगणात मात्र तो अजून आलेला नाही.